लग्नघराची भिंत

“सरक की मुडद्या बाजूला!” आत्याबाई हातातल्या फोटोवर खेकसल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

आम्ही एका गल्लीच्या मधोमध उभ्या होतो. दोन्ही बाजूंना पांढऱ्याफेक भिंती, निळी दारं, आणि गल्लीच्या टोकाला समुद्र. फोटोत धैर्यशील होता. माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा. याच गावातल्या कुठल्यातरी भिंतीसमोर दोन्ही हात पसरून हसत उभा. भिंतीवर त्यानं काढलेलं भलंमोठं चित्र, आणि हा बाबा बरोब्बर चित्राच्या पुढ्यात! एका बाजूला निळ्या लुगड्याचा काठ दिसायचा, दुसऱ्या बाजूला थोडा पिवळा रंग. बाकी सगळा हाच.

आत्याबाई त्याला जन्मभर मुडद्या म्हणत आल्या होत्या. जेवायला ये मुडद्या, कुठं उलथला हुतास मुडद्या. त्याला जाऊन वर्ष उलटून गेलं होतं, पण जिभेला कोण सांगणार?

“चुकलं गं,” त्या म्हणाल्या आणि पदरानं फोटो पुसला.

“असू दे. त्याला सवय होती,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मोरोक्कोतलं समुद्राकाठचं ते गाव. दर उन्हाळ्यात तिथं देशोदेशीचे चित्रकार बोलावतात, आणि गावातली माणसं आपल्या घरांच्या भिंती त्यांना रंगवायला देतात. धैर्यशील गेला होता तेव्हा गडहिंग्लजच्या पेपरात त्याचं नाव छापून आलं होतं. तिथून आल्यावर महिनाभर दुसरा विषय नाही. भिंतीचे बाकीचे फोटो त्याच्या कॅमेऱ्यात होते, आणि कॅमेरा त्या दिवशी गाडीच्या डिकीत होता. गाडीचं काय झालं ते मी इथं सांगत बसत नाही.

आत्याबाईंना त्यानं सांगितलं होतं, “आई, तुझं चित्र काढलंय तिकडं. केवढं मोठं! फोटोत काय बघतीस, तुला घेऊनच जातो.” तेवढ्या एका वाक्यावर ही बाई, जिनं कोल्हापूरच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, दोन विमानं आणि एक आगगाडी करून तिथं आली होती. मला बघायचं होतं ते वेगळ्या कारणानं, आणि ते कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्याच्या मित्रांनी दिवाळीनंतर लगेच तिकिटं काढायची तयारी दाखवली होती. आत्याबाई ऐकेनात. “वर्षश्राद्ध झाल्याबिगार उंबरा सोडायचा न्हाई. त्येचा आत्मा घरात येऊन बघंल आन् आई समुद्रावर फिराय गेल्या म्हनंल.” झालं. त्यांच्यापुढं कुणाचं चालत नाही. वर्षश्राद्ध झालं, ब्राह्मण जेवले, मग आम्ही निघालो.

“कुठली गल्ली म्हनायची गं ही? मघाशी आपन हितनंच गेलो न्हवं?” त्यांनी विचारलं. त्यांच्याकडं बायकासुद्धा ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. लग्नानंतर सुरुवातीला मला हसू यायचं.

“मघाची मासा काढलेली होती. ही दुसरी.”

“चुना काय मारलाय बघ. नीळ घातल्यात त्यात. दसऱ्याला घरं काढल्यागत सगळं गाव काढलंय.” त्यांनी भिंतीवर बोट फिरवून बघितलं. “आन् त्या चांगल्या भिंतीवर ही चित्रं! ह्यो बघ, मान्साला माशाचं त्वांड. कुनाचं पोरगं हाय कुनास ठावं, घरात खायाला मिळत नसंल.”

इरकली लुगडं, खणाची चोळी, पायात चपला आणि वर माझा स्वेटर. येणारे-जाणारे पर्यटक वळून बघत होते. एकीनं तर फोटो काढू का म्हणून खुणेनं विचारलं. आत्याबाई खूश. “वळखलं वाटतं हिनं. भित्तीवरचीच बाई हाय म्हनली असंल.” खास तेच निळं लुगडं नेसून आल्या होत्या, फोटोतल्या काठाशी जुळतं म्हणून. लोकांना ओळख पटायला नको का?

पुढं एका घराला निळं दार होतं आणि शेजारच्या भिंतीवर हुबेहूब तसलंच दार काढलेलं. आत्याबाईंनी जाऊन नेमकं तेच ठोठावलं. खरं दार उघडून एक म्हातारा बाहेर आला आणि पोट धरून हसायला लागला. याही हसल्या. मग त्यानं आम्हाला उंबऱ्यावर बसवून पुदिन्याचा चहा पाजला. इतका गोड, की आत्याबाई म्हणाल्या, “पाक केलाय नुसता.” त्यांनी त्याला फोटो दाखवला. त्यानं बराच वेळ बघितला, मान हलवली, हात फिरवून सगळं गाव दाखवलं आणि भिंतीवर कुंचा मारल्यासारखं काहीतरी केलं. आम्हाला वाटलं, रंगवणारे खूप येतात म्हणतोय.

असं आम्ही सगळी सकाळ फिरलो. प्रत्येक वळणावर त्या पुढं जायच्या, नव्या भिंतीसमोर उभ्या राहायच्या आणि “ह्ये न्हवं” म्हणून पुढं निघायच्या. दमल्या होत्या, पण बसा म्हटलं तर ऐकतील तर शपथ! मीही मनात म्हणत होते, पुढच्या वळणावर असेल. या कोपऱ्यावर असेल.

एका चौकात शिडीवर चढून एक बाई भिंत रंगवत होती. पन्नाशीची, डोक्याला रुमाल, अंगभर रंग. मी खालून हाक मारून फोटो वर धरला. तिनं डोळे बारीक करून बघितलं आणि “दायर्या!” म्हणत धडाधड शिडी उतरली.

तिचं नाव सलवा. तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायची. धैर्यशील महिनाभर तिच्याकडूनच रंग घेत होता. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळं छान जमलं. मी कोण, या कोण, सांगितलं. तो कसा आहे म्हणाली. मी तेही सांगितलं. तिनं पुढं होऊन आत्याबाईंच्या डोक्यावरचा पदर सरळ केला, जशी आपल्याकडची एखादी बाई करेल, आणि दोन्ही गालांवर त्यांचा मुका घेतला.

“हिला म्हनावं, चित्र कुठं हाय?” आत्याबाईंनी विचारलं.

मी विचारलं. सलवानं एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. “चला,” म्हणाली. रस्ताभर तिनं त्यांचा हात सोडला नाही.

समुद्राच्या बाजूला शेवटच्या गल्लीत ती थांबली. एक मोठं घर. दारात फुलांच्या माळा, आतून बायकांच्या गाण्याचा आणि थाळ्यांचा आवाज. बाजूला लांबच लांब भिंत. पांढरी. इतकी पांढरी, की उन्हात डोळे मिटत होते.

“कुठाय?” आत्याबाई म्हणाल्या. त्यांना अजून वाटत होतं, पलीकडं वळायचंय.

सलवा माझ्याशी बोलत होती आणि मला ऐकू येऊनही कळत नव्हतं. मग तिनं पुन्हा सांगितलं. इथली चित्रं वर्षापुरतीच असतात. पुढच्या उन्हाळ्याआधी गाव पुन्हा चुन्यानं काढतात आणि नवे चित्रकार नवी चित्रं काढतात. सगळ्या चित्रकारांना ते ठाऊकच असतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. या घरच्या रहमाबाईनं मात्र धैर्यशीलच्या भिंतीला चुना लावू दिला नव्हता. तो तिच्याकडं जेवायचा. ‘त्या हिंदी पोरानं आईला घेऊन येतो म्हणून सांगितलंय,’ म्हणून ती सगळ्यांशी भांडली होती. पण आता तिच्या मुलीचं लग्न. लग्नघराची भिंत पांढरी केल्याशिवाय कसं चालेल? गेल्याच आठवड्यात चुना झाला.

मी आत्याबाईंना सांगितलं. सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि भिंतीकडं बघत होत्या.

“गेल्या आठवड्यात?”

“हो.”

“म्हंजी आपन दिवाळीला आलो आसतो तर?”

मी फोटो पिशवीत टाकला.

“वर्षश्राद्ध,” त्या म्हणाल्या. “मीच म्हनलो. वर्षश्राद्ध झाल्याबिगार न्हाई. मीच म्हनलो गं!” आणि भिंतीच्या कडेला मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात रहमाबाई बाहेर आली. हाताला पीठ, अंगावर चकाकता झगा. सलवानं तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं, तशी तिनं दोन्ही हात गालांवर मारून घेतले आणि आत्याबाईंच्या शेजारी तिथंच धुळीत बसली. ती तिच्या भाषेत बोलत होती, या त्यांच्या. दोघी रडत होत्या. मी मात्र कोरडी. मला राग आला होता. कुणाचा, ते कळत नव्हतं.

“माझं त्वांड हुतं हितं,” आत्याबाई तिला भिंत दाखवून सांगत होत्या. “माझं. माझ्या पोरानं काढल्यालं.”

“तुमचं नव्हतं!”

हे मी म्हणाले. मलाही ते बाहेरून ऐकू आलं.

आत्याबाईंनी वर बघितलं. “काय म्हनलीस?”

“तुमचं नव्हतं ते चित्र. माझं होतं. मला सांगितलं होतं त्यानं. आल्या आल्या, पहिल्याच रात्री. ‘आईला म्हणालोय तुझं चित्र काढलंय, म्हातारी खूश आहे, तिला काही बोलू नकोस. पण खरं तुलाच काढलंय, वृंदे,’ असं म्हणाला. मी वर्षभर गप्प बसले. तुम्ही सगळ्या गावाला सांगत होता, तरी गप्प बसले. तुमच्या वर्षश्राद्धासाठी थांबले. ते माझं होतं, मला बघायचं होतं!”

सलवाला शब्द कळले नाहीत, पण ती एक पाऊल मागं सरली. आतलं गाणं चालूच होतं.

आत्याबाई मग भिंतीला हात टेकून उठल्या. “आसंल,” म्हणाल्या. “बायकूलाच काढनार की. आईला कोन काढतंय!” आवाजात रागबिग काही नव्हता. त्यापेक्षा त्या माझ्या अंगावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग त्या भिंतीच्या जवळ गेल्या आणि नखानं चुना उकरायला लागल्या.

“आत्याबाई, काय करताय? लग्नघर आहे!”

“बघू तर दे. माझं नसंना. त्येच्या हातचं हाय न्हवं? येवढं एवढं बघू दे.”

तैलरंगावर चुना धरत नाही, हे त्यांना नव्यानं कुणी शिकवायला नको होतं. नख घातलं, तसा पोपडा सुटला. मी रहमाबाईकडं बघितलं. नव्या पांढऱ्या भिंतीला कुणी असं ओरबाडतंय म्हटल्यावर दुसरी कुणी असती तर धावून आली असती. ती आत गेली आणि ओलं फडकं घेऊन आली. त्यांच्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला उभी राहिली. दारात नवरी येऊन उभी होती, हातांवर ओली मेंदी, ते हात अंगापासून लांब धरलेले.

आत्याबाई फडक्यानं भिजवत होत्या, नखानं काढत होत्या. त्यांच्या डोक्याच्या थोडं वर, जिथं तोंड असेल असं त्यांना वाटलं, तिथं. पोपडे त्यांच्या अंगावर पडत होते. आधी काळा रंग लागला. केस. मग काळ्यात पांढऱ्या दोन-तीन रेघा. मी त्यांच्या मागं उभी होते, चवड्यांवर. मग तपकिरी रंग लागला, आणि त्या तपकिरीत एक कान. अख्खा कान. आणि कानाच्या वरच्या पाळीला बुगडी.

सासरे गेले तेव्हा आत्याबाईंनी अंगावरचं सगळं उतरवलं होतं, बुगडी तेवढी ठेवली. “ही माझ्या आईनं घातलीया, नवऱ्यानं न्हाई. त्येच्या जान्याशी हिचा काय संबंध?” असं म्हणून भावकीची तोंडं बंद केली होती. माझे कान वरून टोचलेलेसुद्धा नाहीत.

लबाड! दोघींना एकच सांगून मोकळा झाला. मला जास्तीचं सांगितलं, मी जास्त रुसते म्हणून. मला त्याक्षणी तो इतका जवळ आल्यासारखा वाटला, आणि इतका राग आला, आणि तो नव्हताच. कुणावर रागवायचं? वर्षभर रात्री ज्या चित्रात मी स्वतःला बघत झोपत होते, त्यात मी नव्हतेच.

आत्याबाईंचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. त्या हसत होत्या. तो गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. तोंड अर्धवट उघडं, डोळे त्या कानावर, आणि त्यांचा स्वतःचा हात नकळत स्वतःच्या बुगडीकडं गेलेला.

मग त्यांना माझी आठवण झाली असावी. हसू गेलं. त्यांनी पंजा उघडून तो कान झाकला, आणि मागं वळून माझ्याकडं बघितलं.

“दिसलं काय तुला?”

“नाही,” मी म्हणाले. हो म्हणाले असते तर तिथंच कोसळले असते. “तुम्ही मधे होता. काय आहे?”

“तूच हैस.”

मी त्यांच्या पंजाकडं बघत राहिले.

“तूच हैस गं. नाक न्हाई का तुझं, तसलंच नाक. मी म्हातारी उगंच आपली... तूच हैस. बायकूलाच काढलंय त्येनं.” आणि पंजा तसाच भिंतीवर दाबून त्या सलवाला म्हणाल्या, “चुना हाय काय?”

खुणेनं सांगितलं, तसं रहमाबाईला कळलं. तिनं जोरात मान हलवली आणि भराभरा काहीतरी बोलली. सलवानं मला सांगितलं, मी आत्याबाईंना. “त्या म्हणतात, राहू दे तसंच. लग्न होऊ दे. मग मी सगळा चुना खरवडून चित्र मोकळं करते. तुम्ही इथंच राहा चार दिवस, डोळे भरून बघून जा.”

सगळं चित्र. तोंड, लुगडं, हात, सगळं. त्यांनी फक्त हो म्हणायचं होतं.

“नको म्हनावं तिला,” आत्याबाई म्हणाल्या. “लग्नघराची भित्त हाय. पोरगी उद्या सासरी जानार आन् भित्तीला हे असं भगदाड? आमच्यात आसलं चालत न्हाई.”

“आत्याबाई, चार दिवस...”

“नको म्हनलं न्हवं! सांग तिला.”

मी सांगितलं. दाराच्या आडोशाला चुन्याची बादली होती, त्यात कुंचा. रहमाबाईनं नाइलाजानं आणून दिली. आत्याबाईंनी डाव्या हाताचा पंजा भिंतीवरून काढला नाही. मला म्हणाल्या, “तू हिकडं बघू नगं. डोळ्यांत चुना जाईल. तिकडं समुद्राकडं बघ.”

मी समुद्राकडं तोंड केलं. मागं कुंच्याचा आवाज येत होता. ओला, सावकाश. एकदा, दोनदा, मग पुन्हा पुन्हा, भिंत भरली असेल तरी थांबायचं नाव नाही. मी वळले नाही. मी रडत होते आणि त्यांना वाटत असेल, त्याच्यासाठी रडतेय.

लग्नाला आम्ही राहिलो. आत्याबाईंनी नवरीच्या हातात आपल्या पिशवीतला खणाचा तुकडा ठेवला आणि बायकांच्या घोळक्यात बसून उखाणासुद्धा घेतला. कुणाला काही कळलं नाही, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

नंतर त्या सहा-सात वर्षं जगल्या. येईल त्या माणसाला सांगायच्या. गवळ्याला, भावकीला, शेवटी शेवटी दवाखान्यातल्या नर्सला. “आमच्या धैर्यशीलनं हिचं चित्र काढलंय समुद्रापल्याड. येवढं मोठं. मी बघून आलो न्हवं ह्या डोळ्यांनी! हिचंच नाक, हिचंच कपाळ. काय देखनी दिसतीया म्हनून सांगू.” आणि मग माझ्याकडं बघायच्या, मी ऐकतेय ना म्हणून.

“हो,” मी म्हणायची. “माझंच आहे.”